खोक्यासकट परत करायचा कॅल्क्युलेटर

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो की मी फुकट आलो. हसू नका. माझी बटणं अंगठ्याएवढी मोठी आहेत, वरच्या काळ्या पट्टीवर उजेड पडला की मी जागा होतो, आणि बेरीज-वजाबाकीत मी आजवर एकदाही चुकलेलो नाही. तरीही माझ्यापायी एका भल्या माणसाचं वाटोळं झालं. ते सांगावं म्हणून आज तोंड उघडलं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला धड आठवत नाही. आठवतं ते चंदीगडच्या सेक्टर बावीसमधलं एक ऑफिस. तिथे आम्ही पाचशे भावंडं पुठ्ठ्याच्या खोक्यांत एकावर एक रचून ठेवलेली होतो, आणि प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी अक्षरांत 'हिमशिखर फायनान्स' छापलेलं होतं. साल होतं १९९६. तेव्हा असल्या कंपन्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. ठेव ठेवली की कुणी कुकर द्यायचं, कुणी भिंतीवरचं घड्याळ. हिमशिखर लाखाच्या वरच्या ठेवीला मला द्यायची आणि शिवाय दोन टक्के बोनस रोख.

मी गेलो नलिनीआत्यांकडे. आत्या सांगलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाचा विश्वास इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर, म्हणून त्या सेक्टर चोवीसच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या होत्या. घर चांगलं, माणसं मायेची. पण विश्वास इस्पितळात, त्याची बायको शैलजा कॉलेजात आणि मुलगी अपेक्षा शाळेत गेली, की दिवसभर मराठीत बोलायला भिंती तेवढ्या उरायच्या. आत्यांनी सांगलीला दोन खोल्यांचा छोटा फ्लॅट बुक केला होता. फेब्रुवारी ९७ च्या अखेरीला त्याचा शेवटचा हप्ता भरायचा होता, एक लाख वीस हजार. फंडाचे तेवढे पैसे त्यांच्याकडे होते. तेवढेच होते.

तेव्हा हे पैसे वर्षभर ठेवायचे कुठे? आत्यांनी पंधरा दिवस खपून वहीत तक्ता आखला. बँक बारा टक्के, कुठे साडेबारा, हिमशिखर एकवीस. कंपनीचा एजंट घरी आला, त्यानं मला खोक्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "माताजी, हिसाब आप खुद कर लो." आत्यांनी चष्मा चढवला आणि माझी बटणं दाबली. बँकेपेक्षा दहा हजार आठशे जास्त, वर चोवीसशे बोनस. तेरा हजार दोनशे! मी तो आकडा असा ठसठशीत दाखवला की काय सांगू. फ्लॅटच्या खिडक्यांना ग्रिल आणि स्वयंपाकाचा ओटा त्यात सहज बसत होता.

"आत्या, अहो, एवढे टक्के ते आणणार कुठून?" शैलजानं विचारलं.

"अगं, धंदा करतात ते! तू नको काळजी करू, गणित माझं आहे."

विश्वास हसला. आत्यांना गणित कोण शिकवणार, म्हणाला. झालं, सही झाली. पावतीच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की मुदतीआधी पैसे काढले तर व्याज मिळणार नाही, आणि बोनस व भेटवस्तू मूळ खोक्यासह परत करावी लागेल. भेटवस्तू म्हणजे मी. आत्यांनी ते तेव्हा वाचलं नाही. पण त्यांना काही टाकवत नसे, म्हणून माझं खोकं थर्मोकोलसकट माळ्यावर गेलं. आणि शाळेतल्या डस्टरपासून डब्यापर्यंत सगळ्यावर नाव घालायची सवय, म्हणून माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यांनी शाईनं 'नलिनी' लिहिलं.

वर्ष झकास गेलं. घरात माझं फार कौतुक व्हायचं. दुधाचा हिशेब मी करायचो, विश्वासचा इन्कम टॅक्सही मीच. आत्या अपेक्षाला गणित शिकवायला बसल्या की मी शेजारी असायचो, पण तिला मला हात लावू द्यायच्या नाहीत. "उत्तराच्या मागे धावू नकोस," त्या म्हणायच्या, "आधी उदाहरण वाच."

जानेवारीत धुकं उतरलं आणि बातमी आली की शेजारच्या सेक्टरमधली तसलीच एक कंपनी रातोरात गायब झाली. शैलजा घाबरली. "आत्या, हिमशिखरचे पैसे काढून घ्या ना." मुदतीला पाच आठवडे उरले होते. आत्यांनी पावतीची मागची बाजू आता पहिल्यांदा वाचली आणि मला ओढलं. आता काढले तर व्याजाचे पंचवीस हजार दोनशे गेले, बोनसचे चोवीसशे परत. सत्तावीस हजार सहाशे! "पाच आठवड्यांसाठी एवढ्यावर पाणी सोडू? वेड लागलंय का मला?" त्या म्हणाल्या आणि मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गणित. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हिमशिखरचा फोन कुणी उचलेना. आत्या जेवायच्या नाहीत, नुसती वही उघडून बसायच्या. मी दर वेळी बरोबर उत्तर द्यायचो, आणि दर वेळी ते उत्तर त्यांना खुर्चीवर बसवून ठेवायचं. मला ओरडावंसं वाटे, अहो आत्या, उठा! पण मला आकड्यांखेरीज काही बोलता येत नाही.

शुक्रवारी सकाळी अपेक्षा दप्तर भरता भरता थांबली. तिला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "आत्याआजी, आप रोज वही सवाल कर रही हो. उदाहरण तो पढ़ो! उसमें कहाँ लिखा है कि कंपनी फरवरी तक रहेगी?"

आत्या ताडकन उठल्या. "शैलजा, माझी शाल दे. आणि ह्या कॅल्क्युलेटरचं खोकं माळ्यावर आहे, तेवढं काढ बाई."

सेक्टर बावीसला आम्ही पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आणलेलं होतं आणि आत रांग लागली होती. खिडकी दीड वाजता बंद होणार. समोरची बँक दोनला. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. आत्यांच्या मागे एक वयस्क सरदारजी उभे होते, अंगात जुना फौजी कोट, हातात प्लॅस्टिकमध्ये जपलेली पावती. साठ हजार, बायकोच्या ऑपरेशनचे, असं त्यांनी आपणहून सांगितलं. आत्यांचा नंबर आला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

कारकुनानं मला खोक्यातून काढलं, उलटं केलं. "माताजी, इस पर तो नाम लिखा है. नया चाहिए."

"निकलता है, निकलता है! एक मिनिट थांबो!" आत्या नखानं पट्टी खरवडू लागल्या. सरदारजींनी खोकं आणि पिशवी हातात धरली. "आराम से, बहनजी." पट्टी निम्मीच निघाली. कारकून म्हणाला, साडेतीनशे रुपये कापू. आणि माझ्या आत्या भडकल्या! साडेतीनशे? दुकानात अडीचशेला मिळतो! दाखवा कुठे लिहिलंय ते! तीस वर्षांचा शिक्षिकेचा आवाज लागला तो लागला. मागे घड्याळ पुढे जात होतं. मला ते दिसत होतं, त्यांना नाही. शेवटी हो-नाही करत त्यांनी सही केली, एक लाख सतरा हजार अडीचशेचा बेअरर चेक त्यांच्या हातात पडला, आणि मी त्यांच्याकडेच राहिलो.

त्याच क्षणी खिडकी आपटली. "बाकी लोग कल."

"कोई बात नहीं जी," सरदारजी म्हणाले आणि खोकं आत्यांच्या हातात दिलं. "कल सही."

आत्या रस्ता ओलांडून अक्षरशः धावल्या. बँकेत दोनला पाच कमी असताना नोटा मोजून मिळाल्या. घरी येऊन त्यांनी शैलजाला मिठी मारली आणि पोटभर जेवल्या.

शनिवारी सकाळी त्या पुन्हा सेक्टर बावीसला गेल्या. मी पिशवीतच होतो. शटर पूर्ण खाली, त्याला दोन कुलुपं, बाहेर गर्दी, रडारड. फौजी कोट घालून सरदारजी कडेला उभे होते. त्यांनी आत्यांना ओळखलं आणि हात जोडून नमस्कार केला. आत्यांना त्यांचं नावसुद्धा विचारता आलं नाही. शटर पुन्हा कधी उघडलं नाही.

फ्लॅट झाला. ओट्याशिवाय, ग्रिलशिवाय, पण झाला. सांगलीला जाताना आत्यांनी मला अपेक्षाला देऊन टाकलं. पुढे मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. अपेक्षाच्या घरी संगणक आला, मग मला कोण विचारतो! मी तरी कुणाच्या तोंडानं तक्रार करणार होतो?

२००५ मध्ये तिला मोहालीत पहिली नोकरी लागली. पहिल्या पगारानंतर रविवारी दुपारी ती संगणकावर बँकांची पानं उघडून बसली. इथे ऑनलाइन ठेवीला अर्धा टक्का जास्त, तिथे खातं उघडल्यावर हजार रुपये बोनस. संगणक असूनही तिनं मला बाहेर काढलं आणि सांगलीला फोन लावला. "आत्याआजी, दूसरा वाला पक्का बेस्ट है. हजार रुपये फ्री!"

"अटी वाचल्यास?"

"हाँ, थोड़ी-सी..."

"मोठ्यानं वाच. मी ऐकते."

अपेक्षा वाचू लागली. पैसे वर्षभर हलवायचे नाहीत. हलवले तर व्याज कमी आणि बोनस परत.

"तो बोनस नको घेऊ गं," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. "मला तो परत करायला वीस मिनिटं लागली होती. ती वीस मिनिटं माझी नव्हती. मागच्याची होती."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, आम्हाला अधूनमधून उजेड दाखवा. आकडे हवे तेवढे विचारा, मी खोटं बोलणार नाही. पण आधी उदाहरण वाचा, आणि स्वतःचा हिशेब चुकता करताना एकदा मागे वळून बघा.

माझ्या पाठीवर अजून 'नलि' एवढं उरलंय. अपेक्षानं त्यावरून बोट फिरवलं, मला बाजूला ठेवलं आणि अटींचं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.