लोकरीला विटाळ नसतो

जत्रेत बिरोबा देवाला पांघरायची घोंगडी मागावर अर्धीच विणून राहिली होती. जतकडच्या माळावरची जत्रा परवावर आलेली, आणि विणकर बिराप्पाच्या उजव्या हातावरून वारं गेलेलं. घरात विणता येणारे दुसरे माणूस एकच : सून राणी, माहेरी बापाशेजारी उभी राहून शिकलेली. पण बाईने मागाच्या खड्ड्यात उतरू नये, असा दंडक. त्यात राणी कालपासून बाहेरच्या छपरात ‘बाजूला’ बसलेली.

“घोंगडी अर्धी र्‍हाऊ दे, पर बाटवायची न्हाई,” बिराप्पा म्हणाला.

त्याची बायको बनाबाई चरख्यावरून न उठता म्हणाली, “आवं, राणी भायेर काय करतीया?”

“कातती.”

“लोकर कुणी दिली?”

“मी. लोकरीला विटाळ नसतू.”

“व्हय, माज्या येळंलाबी हेच. सुपात लोकर घालायची आन् काठीनं सूप ढकलायचं. पाठ मोडली म्हणलं की, ‘बसूनच हायस की!’ लय हुशार हाय तुमचा विटाळ. कातताना निजतू, इनताना जागा व्हतू!”

छपरातून राणीचे दबलेले हसू आले.

“तोंड लय चालाय लागलंय तुजं,” बिराप्पा पुटपुटला आणि भिंतीला टेकला.

दुपारच्या तिरिपेत लोकरीचे तंतू तरंगत होते. पाहता पाहता त्याचा डोळा लागला. समोर बिरोबा बसलेला, पाठ उघडी. बिराप्पाने घोंगडी पुढे धरली. “देवा, बाटलेला धागा तेवढा काढून घे.”

देवाने एक धागा ओढला. त्यामागून दुसरा, तिसरा. मग पाखरांचा थवा उठावा तसे सारेच धागे उठून छपराकडे निघाले. हाती चिंचोक्याच्या खळीचा वास तेवढा राहिला. धाग्यांना लावलेली ती खळही बनाबाईनेच शिजवलेली, म्हणून तो वासही गेला. देव उघडाच कुडकुडत होता!

बिराप्पा दचकून जागा झाला.

“राणी, ये आत!”

“मामा, आजून दोन दिस हायत माजं.”

“कातलेलं चालतं, तर इनलेलंबी चालंल! उतर खड्ड्यात.”

“धोटा काठीनं ढकलू का?” बनाबाईने विचारले.

राणी आत येऊन खड्ड्यात उतरली, तसा बिराप्पा उठला. धडक्या डाव्या हाताने त्याने आडवा धागा टाकायचा धोटा उचलला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. माग बोलू लागला.

वाचकहो, जो श्रम घेताना विसरायचा आणि मान देताना आठवायचा, त्या नियमाला धर्म म्हणत नाहीत. ती सोय असते. आपापल्या घरचे असे नियम एकदा उसवून पाहावेत. बायकांचे धागे निघून गेल्यावर देवाच्या अंगावर काय उरते, तेवढे तरी कळेल!