बागायतदारणीचा कबुलीजबाब

दौंडच्या गौतमीच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. रेल्वे कॉलनीच्या वाचनालयात तिला एक पिवळी पडलेली रहस्यकथा सापडली आणि तिच्यावर काळापांढरा सिनेमा काढायचं तिनं ठरवलं, तोही स्वतःच्या फोनवर. गोष्ट अशी, की खून करतो बागायतदार आणि आळ येतो गड्यावर. गडी झाला तिचा भाऊ धम्मदीप. बागायतदार म्हणून कवठे येमाईचे हौसराव मिळाले, वर चित्रीकरणाला त्यांची कांदा साठवायची चाळही. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या तोंडावर पडल्या की भर दुपारी कुणीही गुन्हेगार दिसायचं.

पंधरा दिवस सगळं झकास चाललं. शेवटचा कबुलीचा प्रसंग तेवढा उरला, आणि नेमका त्याच दिवशी हौसरावांनी घोळ घातला. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला ते उभे होते ना.

“खुनी म्हणून नाव झालं तर मतं कोण देणार? गड्यालाच खुनी करा की. शिनेमाच तर हाय.”

धम्मदीपनं मान खाली घातली. ते बघून गौतमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आप्पा, त्यानं खून केला नाही, एवढंच सांगायला मी सिनेमा काढलाय. ते बदललं तर उरलं काय?”

“मग दुसरी चाळ बघा.”

झालं! सगळी मेहनत मातीत. गौतमी स्टँड आवरायला लागली. रडू येत होतं, पण यांच्यापुढं रडायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटले.

शेजारी कांदे निवडणाऱ्या कस्तुराबाई, हौसरावांच्या पत्नी, हात पुसत उठल्या. “थांब पोरी. ह्यांना एक वाक्य धड पाठ व्हत न्हाई, रोज मीच वाचून दावती. मला समदं पाठ हाय. खून बागायतदारणीनं केला तर चालंल?”

पुस्तकात बागायतदारीण नव्हतीच. गौतमीनं क्षणभर विचार केला आणि फोन परत स्टँडवर चढवला. “चालेल, काकू.”

“सोडा त्याला,” पट्ट्यापट्ट्यांच्या उन्हात कस्तुराबाई म्हणाल्या. “खून आमच्या घरानं केला. त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी न्हाई, म्हणून त्याला फुडं केलं.”

कागदावर होतं, गडी हात जोडून जातो. धम्मदीपनं हात जोडले नाहीत. कस्तुराबाईंच्या डोळ्यांत बघून तो ताठ मानेनं बाहेर पडला, आणि गौतमीनं त्याला अडवलं नाही.

हौसराव पुढं आले. म्हणाले, “पोरी, खून झाला तवा बागायतदार घरातच असणार. म्हंजी त्याला ठावं व्हतं, आन् त्यो गप बसला. ते कोण सांगणार? मीच सांगतो, लाव कॅमेरा.”

“आणि मतं, आप्पा?”

“मतांचं बघू मग,” म्हणत ते कस्तुराबाईंशेजारी जाऊन उभे राहिले.