बाळंतपण कुणी करायचं

धाकट्या सुनेला दुसऱ्या खेपेला दिवस गेले, आणि तिचं पोट दिसायच्या आधीच घराला तोंडं फुटली. बाळंतपणं करणारी चांगली नर्स निवडायची होती. पोटात वाढवायचं तिनं, कळा सोसायच्या तिनं, अन् बोलायचं मात्र सगळ्यांनी!

पहिल्या नर्सबाईंनी तिला विचारलं, "झोप लागते का?"

"लागते की! उशाशी ढोल वाजवा, कूस बदलायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या नर्सबाईंकडे नवऱ्यानं मळमळीचं असं काही वर्णन केलं, की जणू ओकाऱ्या त्यालाच होत होत्या. त्या नर्सबाईही त्याच्याकडेच बघून म्हणाल्या, "निर्धास्त राहा. बाळंतपण आम्ही करतो. हिनं फक्त पडून राहायचं."

पडून राहायचं! मागच्या खेपेला तेच तर झालं होतं. जरा चालू द्या, चालू द्या म्हणून ती विनवत राहिली, अन् एकेक कळ खाटेच्या कडा धरून सोसली.

आज तिसरी खोली. वजनकाटा, विटका हिरवा पडदा, घसा बसलेल्या नर्सबाई.

"पाय सुजतात हो," नवऱ्यानं सुरुवात केली.

"कुणाचे?"

"हिचे."

"मग जिचे पाय, तिलाच बोलू द्या." त्या धाकटीकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय?"

इतके दिवस ओठांशी दाटलेलं सगळं नेमकं तेव्हाच आटलं. धाकटीला स्वतःचाच संताप आला. सासूबाईंनी तोंड उघडलं, तसा नर्सबाईंनी नुसता हात वर केला आणि धाकटीकडे बघत त्या थांबून राहिल्या.

"कळा सुरू झाल्या की मला चालायचंय," धाकटी शेवटी म्हणाली. "झोपवून ठेवू नका."

"चाला की! बाळंतपण तुम्ही करायचं, मी सोबतीला. अडलंच तर डॉक्टरांना बोलावीन, पण का बोलावते ते आधी तुम्हाला सांगेन."

"घरी विचार करून कळवतो," नवरा उठत म्हणाला.

"कळवायचं काय त्यात? बाई, मी तुमच्याकडेच येणार," धाकटी म्हणाली.

बाहेर आल्यावर ती पायरीवर मटकन बसली.

"अगं, मला विचारायचं तरी!" नवरा म्हणाला.

"विचारलं असतं. पण तुमचं उत्तर नेहमी आधीच तयार."

"बघ, तोंड किती सुटलंय," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "दम लागलाय रे तिला. पाणी आण."

"दम नाही लागला, आई," धाकटी म्हणाली. "राग आलाय."