झेंडूची माळ आणि चारशे साठ अंश

श्यामसुंदर सरांनी कोरा कागद मैनासमोर सरकवला. "लिहा. माझ्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली, दिलगीर आहे. दोनच ओळी. इंग्रजी जमत नसेल तर मराठीतूनही चालेल."

मैना चार वर्षं लोणी काळभोरहून पुण्याच्या या प्रयोगशाळेत येत होती, ती नॅनोहिऱ्यांवरच्या पीएचडीसाठी. हिरे म्हटलं की तिच्या आईला अंगठी दिसायची. प्रत्यक्षात ही राखाडी भुकटी, आणि एकेक कण इतका बारीक, की केसाच्या जाडीत दहा हजार सहज मावावेत. आत अस्सल हिरा, पण सगळा स्वभाव वरच्या कातडीचा. हायड्रोजनमध्ये तापवले तर पाण्यात या कणांवर धनभार येतो, हवेत तापवले तर ऋणभार. औषध कंपनीने धनभाराचे मागितले होते, पोचले ऋणभाराचे. औषध त्या कणांना चिकटेचना. तिकडून खरमरीत पत्र आलं, आणि सरांना कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं.

"बाटल्या बदलल्या नाहीत सर. ती भुकटीच खंडेनवमीच्या घाण्यातली आहे."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांना आठवत होतं, हे मैनाला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी यंत्रांची पूजा होती. हायड्रोजन बंद केला होता, पण भट्टी धगधगत होती. कण ठेवलेली भट्टीतली नळी शंभर अंशांखाली आल्याशिवाय उघडायची नाही, हा सरांचाच नियम. पण भट्टीवरची झेंडूची माळ करपेल, भट्टी लवकर निवू दे, म्हणून सरांनी नळी उघडायला लावली. मैना दोनदा नको म्हणाली. "देवाच्या कामात थर्मामीटर आणू नका," म्हणून तिच्याच हातात पूजेचं ताट दिलं. हवा आत शिरली आणि कणांची कातडी बदलली.

"मी पुन्हा करून पाहिलं," ती म्हणाली. "तीनदा. गरम उघडलं की ऋण, गार करून उघडलं की धन."

"वा! आणि त्या दिवशी भट्टी गरम होती, हे कोण सांगणार? आपली त्या दिवसाची नोंदवही तर कोरी आहे." सर हसले. "आपल्या प्रबंधावर सही कुणाची लागते, ठाऊक असेलच."

मैनाने साडीच्या पदराने कपाळाचा घाम पुसला. चार वर्षं त्या सहीसाठीच घातली होती. पण ते पत्र एकदा लिहिलं, की जन्मभर तिच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिला संताप आला, आणि संतापाबरोबर गावची बोली आली.

"मंग करा की सही! चौथं प्रकरण उघडा. वाचून करा."

सरांनी टेबलावरच्या तिच्या प्रबंधाचं ते पान उघडलं. पूजेचा फोटो. सरांनीच हौसेने मोठा करून सूचना फलकावर लावलेला. हात जोडलेले सर, उघडी नळी, भट्टीवर माळ, आणि माळेखाली तापमानाचे लाल आकडे, ठसठशीत. खाली ओळ होती: आकृती ४.३, नळी उघडताना भट्टीचे तापमान, ४६० अंश सेल्सिअस.

सरांनी पान डोळ्यांजवळ नेऊन आकडा पुन्हा वाचला.

"निदान माझा चेहरा तरी कापायचा," सर पुटपुटले.

"कापला असता सर. पण आकडा तुमच्या हाताला लागूनच हाय."

मग तिने तो कोरा कागद उचलून सरांपुढे ठेवला, वर पेन ठेवलं.

"कंपनीला उत्तर तर धाडायलाच पायजे. लिहा. दोनच ओळी. मराठीतूनही चालेल."