राक्षसाचं छप्पर

“हा राक्षस म्हणजे आम्हीच ना?” कंपनीचे साहेब वार्षिक अंकावर बोट आपटत होते आणि मुख्याध्यापक घाम पुसत होते. शाळेचं नवं छप्पर कंपनीचं, संगणक कंपनीचे, आता तर धडेही कंपनीचेच. अंक तेवढा मुलांचा उरला होता. तोही यांच्या डोळ्यांत खुपला!

गोष्ट लिहिली होती आठवीतल्या बडबड्या टकळीने. जादूच्या शाळेवर एक राक्षस सोन्याचं छप्पर घालून देतो. मोबदला काय, तर प्रत्येक मुलाने त्याला रोज एक ‘का?’ द्यायचा. एका ‘का’ने काय बिघडतंय, म्हणून मुलं देत जातात. शेवटी शाळेत नुसता ‘हो’ उरतो.

ती अंकासाठी निवडली होती ग्रंथालयातल्या बाईंनी. फाटकं पुस्तक त्यांना बघवत नसे, बोटं कायम चिकट, म्हणून मुलं त्यांना डिंकबाई म्हणत.

“साहेब, गोष्टीत कुणाचंच नाव नाही,” डिंकबाई म्हणाल्या. “तुम्ही ओळखलंत कसं?”

चोराच्या मनात चांदणं! साहेबांचे कान लाल झाले. फर्मान सुटलं: उद्याच्या समारंभाआधी प्रत्येक अंकात या गोष्टीवर कंपनीच्या जाहिरातीचं पान चिकटवा, नाहीतर वाचनाचा तास बंद आणि ग्रंथालयाला टाळं. साहेब गेल्यावर मुख्याध्यापक हळूच म्हणाले, बाई, नमतं घ्या, तास तरी वाचेल.

डिंकबाई दातओठ खात चिकटवायला बसल्या. तेवढ्यात टकळी दारात आली. एरवी जिच्या तोंडाला खीळ नाही, त्या पोरीने एवढंच विचारलं:

“माझी गोष्ट झाकताय?”

“हो.”

टकळी निघून गेली. तो ‘हो’ मात्र खोलीतच राहिला. डिंकबाईंना आपल्याच आवाजाची चीड आली. पुस्तकात सुटं चित्र लावताना त्या फक्त आतल्या कडेला डिंक लावत, म्हणजे पान दारासारखं उघडतं. त्यांनी चिकटवलेली पानं सोडवली आणि पुन्हा लावली. फक्त आतल्या कडेला.

समारंभात साहेब शिक्षणावर बोलत सुटले. खाली कुणीतरी ते पान उचललं. शेजारच्याने पाहिलं, त्याच्या शेजारचीने पाहिलं. भाषण संपलं तेव्हा सगळी डोकी अंकात होती. टाळ्या वाजवायला हात मोकळे होते कुणाचे?

दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयाला टाळं लागलं. डिंकबाईंना जिन्याखालच्या कोठीत बसवलं, खडू आणि डस्टर वाटायला. मुख्याध्यापक हल्ली त्या जिन्याने येत-जात नाहीत.

मधल्या सुट्टीत टकळी तिथे आली. हातात कंपनीचं पुस्तक, मधोमध फाटलेलं. फाटलेली कड अगदी ताजी.

“का फाडलंस गं?” डिंकबाईंनी दरडावलं.

मग काय, टकळी सुरू झाली ती थांबेचना: ग्रंथालयाला टाळं का, बाई इथे का, धडे कंपनीचेच का? तिच्यामागे रांग लागली होती, प्रत्येकाच्या हातात एकेक फाटकं पुस्तक. डिंकबाईंनी डस्टरं बाजूला सारली आणि डिंकाच्या बाटलीचं झाकण फिरवलं.