जाळीवरची पावडर

"घरात लहान बाळ आहे वाटतं?" स्टुलावर चढून एसीचं झाकण उघडता उघडता मेकॅनिकने मागे न बघताच विचारलं, आणि खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या चष्मेवाल्याच्या तोंडून, काही कळायच्या आत, "हो" निघून गेलं.

आता 'नाही' म्हणायला असं काय जड होतं? पण स्वयंपाकघरात बायको चहा गाळत होती, मधलं दार सताड उघडं होतं, आणि गेल्या वर्षभरात त्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ओळखीचे लोक मुद्दाम टाळत आणि अनोळखी माणूस घरात यायचाच नाही. उत्तर द्यायची सवयच मोडली होती.

मेकॅनिक जाडजूड, सावकाश माणूस. सगळी वस्ती त्याला थंडोबा म्हणायची, अर्धं त्याच्या धंद्यामुळे आणि अर्धं त्याच्या चालीमुळे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याने आतली जाळी अलगद ओढून काढली आणि चष्मेवाल्याच्या हातात दिली. "बघा साहेब. गॅस पुरेसा आहे, कॉम्प्रेसर ठणठणीत, बाहेरचा पंखाही नीट फिरतोय. पण जाळीच बंद, तर हवा आत जाणार कुठून आणि गार होणार कशी? बाळाला पावडर लावताना पंखा बंद ठेवा, एवढंच. सगळी उडून इथे येऊन बसते. बाळाच्या घरचा एसी मी डोळे मिटून ओळखतो."

चष्मेवाल्याचा जन्म आपल्या चष्म्यांच्या दुकानात काचांवरची धूळ पुसण्यात गेला होता. गल्लीत सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत, आणि बायको लाडात किंवा रागात आली की तीही तेच म्हणे. घरातली धूळ करडी असते, तंतूतंतूंनी धरून बसते, हे त्याला चांगलं माहीत होतं. ही पांढरीशुभ्र होती आणि बोटांच्या चिमटीत गुळगुळीत सरकत होती. त्याने बोटं नाकाशी नेली. वास बाळाच्या पावडरचाच होता.

त्यांची मुलगी नऊ महिन्यांची होऊन गेली होती. मागच्या उन्हाळ्यात तिला ताप चढला तो उतरलाच नाही. तिचा पाळणा याच खोलीत असायचा. त्यानंतर चष्मेवाल्याची मोठी बहीण आठवडाभर येऊन राहिली आणि नजरेसमोर काही नको म्हणून तिने झबली, दुपटी, बाटल्या, पावडरचा डबा, शेवटी पाळणासुद्धा देऊन टाकला. खोलीला कुलूप लागलं. यंदा उकाडा वाढला तेव्हा बायको आपणहून म्हणाली, "तिथेच झोपू या की. एसी उगाच गंजतोय." चष्मेवाल्याला बरं वाटलं. तिला कुलूप उघडावंसं वाटलं, हेच त्याला पुष्कळ होतं. पण खोली काही केल्या गार होईना. रिमोटवरचा आकडा खाली खाली नेला, पडदे ओढले, दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी घातली, तरी अंगाला घाम. म्हणून तर थंडोबाला बोलावलं होतं.

थंडोबाने धुऊन दिलेली जाळी दुसऱ्या सकाळी पुन्हा पांढरी दिसली, आणि तेव्हापासून चष्मेवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. घरात माणसं दोनच, आणि त्यातला एक तो स्वतः. बायको गणिताची शिक्षिका, बोलायला रोखठोक, फळ्यावर रेघ मारावी तसं तिचं वागणं. पण दुःख कुणाच्या डोक्यात कुठून शिरेल याचा काय भरवसा? ती सकाळी शाळेला गेली की तो स्टूल ओढायचा, जाळी काढून नळाखाली धुवायचा, पुसून परत बसवायचा आणि मग दुकान उघडायला जायचा. दुसऱ्या दिवशी जाळीवर पुन्हा तोच पांढरा थर. तो पुन्हा धुवायचा. तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने डबा शोधला. तिचं कपाट उपसलं, शाळेची पिशवी चाचपली, माळ्यावर चढला. आपल्याच घरात चोरासारखं वागताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा कुठेच नव्हता. शेवटी त्याने तिच्या दादाला गाठलं. दादाचं औषधांचं दुकान होतं, चार डॉक्टर ओळखीचे होते. सगळं ऐकून दादा म्हणाला, "रविवारी येतो. थोडे दिवस माझ्याकडे राहू दे तिला. काय ते बघू." चष्मेवाल्याने मान हलवली. मुलगी गेली, आता हीसुद्धा हातची जाणार, या धास्तीने तो लांबच्या रस्त्याने घरी परतला.

शनिवारी त्याचं डोकं चढलं, म्हणून दुपारीच दुकान बंद करून तो घरी आला. न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. बायको बाह्या वर सारून उकिडवी बसली होती, एका हातात जाळी, दुसऱ्या हातात जुना दात घासायचा ब्रश, आणि पायाशी दुधासारखं पाणी.

"तू कशाला धुतेस?" त्याने विचारलं.

ती दचकली, पण उठली नाही. "तुला दिसू नये म्हणून," ती म्हणाली. "रोज धुते. शाळेतून आले की आधी हेच." मग नळ बंद करून अगदी हळू आवाजात म्हणाली, "डबा कुठे ठेवतोस तेवढं सांग. मी रागावणार नाही, शप्पथ. सगळं घर पालथं घातलं मी. परवा जुनी फ्रेम हवी म्हणून दुकानात आले ना, तेही त्यासाठीच."

चष्मेवाला तिथेच ओल्या फरशीवर बसला.

"मी तुझ्या ताईला फोन केलाय," ती म्हणाली. "म्हटलं, याला थोडे दिवस घेऊन जा."

"मी तुझ्या दादाला सांगितलंय," तो म्हणाला. "तो उद्या येतोय. तुला न्यायला."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदाच त्या घरात कुणी असं हसलं असेल. हसता हसता ती रडायला लागली, आणि त्यालाही आवरेना.

तरी गणिताच्या बाईंना पडताळा पाहिल्याशिवाय चैन कुठली! तिने जाळी कोरडी केली, त्याने बसवली, एसी चालू ठेवला, खिडक्यांच्या कड्या लावल्या आणि खोलीला बाहेरून कुलूप घातलं. मग दोघं त्या दारासमोर खुर्च्या टाकून बसले. चहा झाला, पुन्हा चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. बाहेर दिवे लागले तेव्हा त्यांनी कुलूप काढलं. तिने स्टूल धरलं, तो वर चढला आणि जाळीवरून फिरवलेला हात खाली केला. त्याची बोटं पांढरी झाली होती.

तिने ती बोटं गालाला लावली. "तू नाहीस," ती म्हणाली.

"तूही नाहीस."

खरं सांगायचं तर चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. बायको शहाणीसुरती आहे, आपली आहे, तिला कुणी घेऊन जाणार नाही, हेच त्याला आधी जाणवलं. भीती मागून आली आणि फार वेळ थांबली नाही. मग कोण, हे दोघांनीही विचारलं नाही.

दादाला नको म्हणून कळवलं, ताईलाही कळवलं. त्यानंतर जाळी कुणी धुतली नाही. एसी दिवसभर घरघरत राहायचा आणि खोली तापलेलीच असायची, पण आता त्या उकाड्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बायकोने खालच्या खणातल्या कात्र्या आणि सुया वरच्या खणात हलवल्या. तो दार लोटताना हात आवरता घ्यायला लागला, फोनवर हळू बोलायला लागला. ताई एकदा येऊन गेली आणि जाताना म्हणाली, "छान दिसताय रे दोघं. बरं वाटलं बघून." आणि ते खोटं नव्हतं. इतकं सुख त्यांना मुलगी जिवंत असतानाही बहुधा लागलं नव्हतं, कारण तेव्हा ते सुख आहे हे ठाऊक नव्हतं.

मग एका सुटीच्या दुपारी दोघं पडले होते, आणि बायको झोपेतच म्हणाली, "चादर दे रे." त्याने उठून चादर तिच्या अंगावर घातली, स्वतःचे दंड चोळले, आणि तसाच उभा राहिला. तिनेही डोळे उघडले होते.

जाळी कोरी होती. कुणी धुतली का, हे विचारायची आता गरजच नव्हती. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. जाळीवर करड्या धुळीचे चार तंतू धरले, बाकी काही नाही. खोली बर्फासारखी गार पडायला लागली. तिने एसी बंद केला, पुन्हा चालू केला. शेवटी चष्मेवाल्याने थंडोबाला फोन लावला.

"काय तक्रार?" स्टुलावर चढत त्याने विचारलं.

"खोली गार होतेय," बायको म्हणाली.

थंडोबाने वरून एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. थट्टा म्हणावी तर दोघांचे चेहरे तसे नव्हते. त्याने गुपचूप सगळं तपासलं, हवेला हात लावून पाहिला, झाकण लावलं. "ताई, मशीन एकदम झकास आहे. सगळ्यांचा असा चालला तर मी उपाशी मरेन." चहाचा कप घेऊन तो खुर्चीत टेकला. "पावडर बंद केलीत वाटतं. केवढं झालं बाळ?"

चष्मेवाल्याने हा हिशोब कधी केलाच नव्हता. बायकोने मात्र लगेच सांगितलं. "पावणेदोन वर्षांची."

"मग बरोबर आहे! चालायला लागली असेल. आता कशाला ती पावडर लावून घेतेय? या वयात एका जागी ठरतात होय? माझी धाकटी अशीच. दार जरा उघडं मिळालं की थेट रस्त्यावर. आम्ही सगळे आपले मागे." तो स्वतःशीच हसला, कप ठेवला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि सावकाश जिना उतरून गेला.

खोलीत छान गारवा होता. बायको कपाकडे बघत उभी होती.

"त्या सुटीच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली, "मी शाळेतून आले तेव्हा बाहेरचं दार उघडंच होतं."

"घाईत होतो मी," तो म्हणाला. "लावायचं राहिलं."

ती दाराकडे वळली. अनवाणीच जिना उतरली. खिडकीतून त्याला दिसलं, ती कोपऱ्यावरच्या फळवाल्यापाशी थांबली, त्याला काहीतरी विचारलं, आणि हात जमिनीपासून गुडघ्याच्या जरा वर धरून दाखवला. फळवाल्याने नकारार्थी मान हलवली. ती पुढे गेली.

चष्मेवाल्याने पायात चपला सरकवल्या. लेक आपणहून परत आली तर अडू नये म्हणून दार सताड उघडं ठेवलं आणि खाली आला. बायको डावीकडे गेली होती, म्हणून तो उजवीकडे वळला.