अर्धा कोयता

सत्यशीला पडली होती, असं घरात ठरलं होतं. कुठं पडली, कशी पडली, हे मात्र दर वेळी बदलायचं. सासू बायडाबाई पाहुण्यांना सांगताना तिला विहिरीच्या काठावर पाडायच्या, नवरा कल्याण बैलगाडीवरून पाडायचा. शेजारीपाजारी माना डोलवायचे. आणि ही पडलेली बाई चहाचे कप घेऊन तिथंच उभी असायची. तिच्या कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला वण लालबुंद व्हायचा.

खरी गोष्ट उसाच्या फडात घडली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला पाथर्डीकडं ‘एक कोयता’ म्हणतात. एकटंच माणूस गेलं तर अर्धा कोयता. गेल्या हंगामात भर दुपारी सत्यशीला म्हणाली, "पोटात लई दुखतंय, जरा बसते." एवढंच म्हणाली. कल्याणनं हातातला कोयता तिच्यावर भिरकावला. मुकादम कानिफनाथासकट सगळ्या टोळीनं पाहिलं आणि सगळी टोळी मूग गिळून बसली. टाके पडले, जखम भरली, पण कल्याणच्या तोंडून ‘चुकलं’ निघालं नाही. तिला माफीबिफी नकोच होती. चारचौघांत खरं काय ते एकदा बोललं जावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या गालाची घरात कुणाला आठवण झाली ती धाकट्या दिराच्या, छगनच्या लग्नाचं निघाल्यावर. मुलीकडची म्हातारी वणाकडं टक लावून बघत म्हणाली, "पडल्यावर इतकं सरळ कापतं व्हय?" आणि तिकडून होकार यायचा थांबला. मग बायडाबाईंनी कुणाकुणाला विचारून पुण्याच्या लेसरवाल्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. सत्यशीलेच्या डोक्यात तिडीक गेली. एवढे महिने गाल खाजत होता, ओढत होता, तेव्हा खोबरेल तेलाचं बोट कुणी पुढं केलं नव्हतं. तरी ती निघाली, कारण आरशात बघायचं तिनंही सोडलं होतं.

"कशानं झालं?" डॉक्टरीणबाईंनी सत्यशीलेला विचारलं.

"पडली," कल्याण म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

सत्यशीलेच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कल्याणनं डोळे वटारले, तशी तिनं नजर खाली वळवली. वण मात्र कानापासून पेटत खाली आला. बाईंनी तो पाहिला.

"राग आला की जास्त लाल होतं का?"

"व्हय."

मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. लेसरनं लाली कमी होते, वण पुसला जात नाही. तो राहणारच, फक्त लांबून नजरेत भरणार नाही. एका खेपेत काही होत नाही, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा पुन्हा यावं लागतं. रबर ताणून सोडल्यावर बसतो तसा चटका बसतो. नंतर आठ-दहा दिवस गाल जांभळा पडतो. घाबरायचं नाही, चोळायचं नाही.

"आणि ऊन अजिबात लागू द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "हे उपचार संपेपर्यंत तर नाहीच. उन्हात राबलात तर काळे डाग पडतील, आणि ते लवकर जायचे नाहीत."

कल्याण हसला. "मॅडम, आमी ऊस तोडतो. ऊन न्हाई तर काय चांदण्यात तोडायचा?"

"ते तुम्ही बघा." बाई सत्यशीलेकडं वळल्या. "तुम्हाला करून घ्यायचंय का?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "करा," ती म्हणाली. "माझ्यासाठी करा."

दुसऱ्या दिवशी घरी पोचली तेव्हा गाल वांग्यासारखा जांभळा झाला होता. पाटीवरची अक्षरं पुसावीत तसा लेसर वण पुसून टाकतो, अशा समजुतीनं बायडाबाईंनी मुलीकडच्यांना लगेच यायचा सांगावा धाडून ठेवला होता.

"अगं बया! लाल हुतं ते बरं हुतं की! आता त्यास्नी काय सांगू?"

"सांगा, परत पडली," सत्यशीला म्हणाली.

पाहुण्यांना पुढची तारीख दिली गेली. दसऱ्यापर्यंत पुण्याच्या दोन खेपा झाल्या आणि लाली बरीच उतरली. बायडाबाई खूश झाल्या. आता परत जायचं कारण नाही, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ठरल्या तारखेला मुलीकडची म्हातारी ओसरीवर चहा पीत होती आणि नेमका तेव्हाच मुकादम कानिफनाथ नवीन हंगामाची नावं लिहायला आला.

"कल्याणचा एक कोयता," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"अर्धा लिहा," सत्यशीला आतून बाहेर येत म्हणाली.

"का गं पोरी? तू न्हाई येत?"

"मला ऊन चालत न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय."

"उन्हानं काय मरत न्हाईस," कल्याण खेकसला. "गप आत जा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाल पूर्वीसारखा पेटला नाही. आजवर ती गप्प राहिली तरी गाल बोलायचा. आता तिला स्वतःच बोलावं लागणार होतं.

"न्हाई जात आत," ती म्हणाली. "मुकादम, तुमी तवा फडातच हुता. ह्यांनी फेकलेला कोयता तुमी डोळ्यानं बघितला. मी पडले न्हाई. ह्यांचा अर्धाच लिहा." तिनं वणावर बोट ठेवलं. "दुसरा अर्धा हितं हाय."

म्हातारीनं चहाची बशी खाली ठेवली. बायडाबाई पदर तोंडात धरून दारातच थबकल्या. कानिफनाथानं कल्याणकडं पाहिलं, मग मान खाली घातली आणि ‘एक’ खोडून ‘अर्धा’ लिहिलं.